प्रगर्भरक्षी औषधे, संश्लेषित

स्त्रीच्या अंडकोशातील पीतपिंडापासून स्रवणाऱ्या प्रगर्भरक्षी हॉर्मोनासारखे (प्रोजेस्टेरॉनासारखे) कार्य करणाऱ्या, परंतु प्रयोगशाळेत तयार केलेल्या स्टेरॉइड वर्गातील संयुगांना संश्लेषित प्रगर्भरक्षी औषधे किंवा प्रोजेस्टिने म्हणतात. नॉरएथिस्टेरोन, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन ॲसिटेट, लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि डायड्रोजेस्टेरोन ही त्यांपैकी भारतात अधिक वापरली जाणारी होत. अनियमित वा अतिरिक्त ऋतुस्राव, गर्भाशय अंतःस्तराची अतिवृद्धी, अंतःस्तराच्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार, ऋतुनिवृत्तीनंतरचे हॉर्मोन-उपचार आणि संततिनियमन हे त्यांच्या उपयोगाचे मुख्य प्रांत आहेत. या औषधांचा इतिहास जितका रसायनशास्त्राचा, तितकाच सामाजिक वादांचाही आहे. त्या वादांतील एक आरंभीचा प्रसंग वर्धा येथे घडलेला असल्याने महाराष्ट्रातील वाचकाला तो विशेष जवळचा वाटावा.

नैसर्गिक हॉर्मोन : ऋतुचक्राच्या पूर्वार्धात स्त्रीमदजन हॉर्मोनाच्या प्रभावाखाली गर्भाशयाचा अंतःस्तर वाढत जातो. चक्राच्या मध्याच्या सुमारास अंडमोचन झाल्यावर फुटलेल्या पुटकाच्या जागी पिवळसर पीतपिंड तयार होतो आणि तो प्रगर्भरक्षी हॉर्मोन स्रवू लागतो. या हॉर्मोनामुळे वाढलेल्या अंतःस्तरात स्रावक ग्रंथी विकसित होतात, म्हणजे फलित अंडाच्या रुजवणीसाठी जमीन तयार होते. गर्भधारणा न झाल्यास सुमारे चौदा दिवसांत पीतपिंड क्षीण होतो, हॉर्मोनाची पातळी एकदम खाली येते आणि अंतःस्तर गळून ऋतुस्राव होतो. गर्भधारणा झाल्यास मात्र पीतपिंड टिकून राहतो व पुढे वार त्याचे काम उचलते. पाळी येते ती हॉर्मोन वाढल्याने नव्हे, तर त्याचा आधार निघून गेल्याने, ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढे वर्णन केलेल्या बहुतेक उपचारांचे, आणि त्यांच्या गैरवापराचेही, मर्म कळते.

पीतपिंड ही अंतःस्रावी ग्रंथी असावी, ही कल्पना ब्रेस्लौ येथील गुस्टाफ बोर्न यांची. त्यांचे शिष्य लुडविख फ्रेंकेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गाभण सशांमधील पीतपिंड काढून टाकल्यास गर्भ टिकत नाही, हे दाखवून दिले. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे जॉर्ज कॉर्नर व विलर्ड ॲलन यांनी १९२९ मध्ये पीतपिंडाचा अर्क टोचून अंडकोश काढलेल्या सशांमध्ये गर्भ टिकवून ठेवला आणि त्या अर्काला ‘प्रोजेस्टिन’ असे नाव दिले. आज हे नाव कृत्रिम संयुगांना लावले जाते, हा नामकरणाचा एक विपर्यासच म्हणावयाचा. १९३४ मध्ये जर्मनी, स्वित्झर्लंड व अमेरिका यांतील चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी शुद्ध हॉर्मोन वेगळे केले. त्यांपैकी आडोल्फ बूटेनान्ट यांना केवळ २० मिग्रॅ. स्फटिक मिळविण्यासाठी सुमारे ५०,००० डुकरिणींचे अंडकोश वापरावे लागले होते. १९३५ मध्ये लंडन येथे भरलेल्या परिषदेत ‘प्रोजेस्टेरॉन’ हे नाव सर्वमान्य झाले. बूटेनान्ट यांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

संश्लेषणाचा इतिहास : शुद्ध हॉर्मोन हाती आले तरी वैद्याच्या दृष्टीने त्यात दोन अडचणी होत्या. ते अत्यंत महाग होते आणि तोंडाने दिल्यास यकृतात त्याचा झपाट्याने नाश होत असे. म्हणून ते तेलात विरघळवून रोज टोचावे लागे, व ही टोचणी वेदनादायक असत. दुसऱ्या अडचणीवर पहिला उपाय बर्लिनच्या शेरिंग कंपनीतील हान्स इनहॉफेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. पुरुषाच्या टेस्टोस्टेरोन या हॉर्मोनाच्या १७ व्या कार्बन अणूला एथिनिल गट जोडल्यावर मिळालेले एथिस्टेरोन (१९३८) हे संयुग पौरुषजन ठरण्याऐवजी प्रगर्भरक्षी ठरले आणि तोंडाने घेतले तरी परिणामकारक राहिले. पौरुषजन हॉर्मोनापासून स्त्रीरोगांचे औषध निघावे, हे त्या काळी चमत्कारिक वाटले असले पाहिजे. मात्र त्याची मात्रा मोठी द्यावी लागे, आणि मूळ पौरुषजन गुण पूर्णपणे जात नसे.

पहिल्या अडचणीतून मार्ग काढला तो वनस्पतींनी. पेनसिल्व्हेनियातील रसायनज्ञ रसेल मार्कर यांनी डायोस्कोरिया या कंदवर्गातील डायोसजेनिन या द्रव्यापासून थोड्या टप्प्यांत प्रोजेस्टेरॉन तयार करण्याची रीत बसविली. आपल्याकडील गोराडू, कोनफळ, कडू करांदा हे याच प्रजातीतील होत. मार्कर यांना हवा असलेला प्रचंड मोठा रानकंद मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ प्रांतात सापडला. अमेरिकन औषध कंपन्या या खटाटोपात पैसे घालण्यास तयार नव्हत्या. तेव्हा मार्कर मेक्सिको शहरात गेले आणि १९४४ मध्ये तेथे ‘सिंटेक्स’ ही कंपनी उभी राहिली. वर्षभरातच भागीदारांशी बिनसून ते बाहेर पडले. जाताना कृतीतील मर्माच्या गोष्टी त्यांच्याबरोबरच गेल्या आणि त्यांच्या जागी आलेल्या जॉर्ज रोझेनक्रान्झ यांना त्या पुन्हा शोधून काढाव्या लागल्या. पण एकदा त्या हाती आल्यावर हॉर्मोनांचे भाव कोसळले आणि दुर्मिळ असलेले प्रोजेस्टेरॉन हा पुढील संशोधनाचा कच्चा माल बनला.

आता प्रश्न उरला तो तोंडाने घेता येईल अशा प्रभावी संयुगाचा. माक्सिमिलियन एरनष्टाइन यांनी १९४४ मध्ये स्टेरॉइडाच्या सांगाड्यातील १९ क्रमांकाचा कार्बन अणू काढून टाकलेले प्रोजेस्टेरॉनसदृश संयुग अल्प प्रमाणात मिळविले होते व ते क्रियाशील आढळले होते. ऑस्ट्रेलियन रसायनज्ञ आर्थर बर्च यांच्या क्षपणाच्या पद्धतीमुळे हा अणू काढणे सुलभ झाले. सिंटेक्समध्ये कार्ल जेरासी यांच्या मार्गदर्शनाखाली दोन्ही युक्त्या एकत्र करण्यात आल्या : १९ वा कार्बन काढावयाचा आणि १७ व्या स्थानी एथिनिल गट जोडावयाचा. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी लुईस मिरामोंटेस या तरुण मेक्सिकन रसायनज्ञाने या संश्लेषणाची अखेरची पायरी पार केली. तयार झालेले संयुग म्हणजेच नॉरएथिस्टेरोन. त्यानंतर अल्पावधीतच शिकागोजवळील सर्ल कंपनीत फ्रँक कोल्टन यांनी त्याचेच जवळचे भावंड असलेले नॉरएथिनोड्रेल सिद्ध केले. या संशोधकांपुढे संततिनियमनाचा हेतू नव्हता. ऋतुविकार आणि वारंवार होणारे गर्भपात यांवर औषध हवे होते. १९५७ मध्ये अमेरिकेत दोन्ही संयुगांना परवानगी मिळाली तीही ऋतुविकारांसाठीच.

पुढील शाखाविस्तार येथे थोडक्यात सांगणे पुरे. प्रोजेस्टेरॉनाच्याच सांगाड्यात फेरफार करून अपजॉन कंपनीने मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन ॲसिटेट तयार केले. नेदर्लंड्समध्ये डायड्रोजेस्टेरोन निघाले व १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी ते बाजारात आले. त्याच दशकात वायथ कंपनीत हर्शेल स्मिथ यांनी वनस्पतिज द्रव्याचा आधार न घेता संपूर्ण संश्लेषणाने नॉरजेस्ट्रेल बनविले. त्याचा क्रियाशील भाग म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल. त्याची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात मोजली जाते.

वर्धा येथील संवाद : ज्या वर्षी लंडनमध्ये प्रोजेस्टेरॉनाचे बारसे झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्यास आल्या. महात्मा गांधी तेव्हा सेगावला (पुढील सेवाग्रामला) राहावयास गेले नव्हते. जमनालाल बजाज यांनी ग्रामोद्योग संघास दिलेल्या मगनवाडीत त्यांचा मुक्काम होता. ३ व ४ डिसेंबर १९३५ रोजी दोघांचे प्रदीर्घ संभाषण झाले व त्याचा वृत्तांत महादेव देसाई यांनी हरिजनमध्ये प्रसिद्ध केला. स्त्रीवर लादल्या जाणाऱ्या बाळंतपणांचे दुःख दोघांनाही सारखेच मान्य होते. मतभेद होता तो उपायाविषयी. गांधीजींच्या मते स्त्रीने पतीस नकार देण्यास शिकावे आणि दोघांनी संयम पाळावा. कृत्रिम साधनांनी संयमाची गरजच नाहीशी होते. सँगर यांचे म्हणणे असे की, नकार देणे ज्या स्त्रीच्या हाती नाही तिला हा उपदेश निरुपयोगी आहे, तिच्या हाती साधन दिले पाहिजे. मात्र ऋतुचक्रातील ‘सुरक्षित काळा’च्या पद्धतीकडे, तीत काही दिवस तरी संयम पाळावा लागतो म्हणून, गांधीजींनी तुलनेने कमी विरोधाने पाहिले. ही पद्धत क्युसाकू ओगिनो व हेर्मान क्नाउस यांच्या अंडमोचनाविषयीच्या संशोधनावर, म्हणजे पीतपिंडाच्या त्याच नव्या शास्त्रावर आधारलेली होती, याची नोंद घेतली पाहिजे. शरीरक्रियाविज्ञानाचा मगनवाडीत झालेला हा प्रवेश पुढे राष्ट्रीय धोरणात उमटला. गांधीजींच्या निकटवर्ती व स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या कारकीर्दीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने अमेरिकन वैद्य एब्राहम स्टोन यांना बोलावून म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे व दिल्लीत या सुरक्षित काळाच्या पद्धतीचेच प्रयोग करण्यात आले. दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या होत्या. पुढे शासकीय गर्भनिरोधक गोळीचे नाव ‘माला’ पडावे, हा योगायोग गमतीचा आहे.

महाराष्ट्रात हा विषय सँगर यांच्या भेटीपूर्वीच ऐरणीवर आला होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते, त्यापायी विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकपदास मुकले होते आणि १९२७ पासून समाजस्वास्थ्य हे मासिक चालवीत होते. कर्वे यांची भूमिका सँगर यांच्याहूनही पुढची होती. त्यांना साधन हवे होते ते स्त्रीच्या सुखाच्या व निर्णयाच्या स्वातंत्र्यासाठी, केवळ दारिद्र्यनिवारणासाठी नव्हे. त्यांच्या हयातीत उपलब्ध असलेली साधने रबराची व रासायनिक होती. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा गोळी अजून प्रयोगशाळेत होती.

गोळीचा उदय : नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनाने सशांमधील अंडमोचन थांबते, हे मेकपीस व सहकाऱ्यांनी १९३७ मध्येच दाखविले होते. त्याचा संततिनियमनाशी संबंध जोडण्याचे श्रेय सँगर यांच्या चिकाटीस जाते. १९५१ च्या सुमारास न्यूयॉर्क येथे वर उल्लेखिलेल्या एब्राहम स्टोन यांच्याच घरी त्यांची शरीरक्रियावैज्ञानिक ग्रेगरी पिंकस यांच्याशी गाठ पडली. पिंकस यांचे सहकारी म. चु. चांग यांनी प्राण्यांवरील प्रयोग केले. कॅथरीन मॅकॉर्मिक या धनवान व विज्ञानाच्या पदवीधर स्त्रीने पैसा पुरविला. बॉस्टनचे स्त्रीरोगतज्ञ जॉन रॉक यांनी रुग्णालयीन चाचण्या केल्या. याच दरम्यान, नोव्हेंबर १९५२ मध्ये, धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सँगर तिला उपस्थित होत्या, आणि तेथेच आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघाची स्थापना झाली.

मोठ्या चाचण्यांना १९५६ मध्ये प्वेर्तो रीकोमध्ये प्रारंभ झाला. गर्भधारणा टाळण्यात गोळी विलक्षण यशस्वी ठरली. परंतु तेथील काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी मळमळ, चक्कर, डोकेदुखी या तक्रारींचे प्रमाण इतके आहे की औषध सरसकट स्वीकारार्ह म्हणता येत नाही, असे स्पष्टपणे कळविले. या तक्रारींना त्यावेळी पुरेसे महत्त्व दिले गेले नाही. गरीब वस्तीतील ज्या स्त्रियांनी गोळ्या घेतल्या त्यांना हे औषध अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहे, हे सांगितलेले नव्हते. गोळीच्या इतिहासावरील हा डाग पुसता येणारा नाही. आणखी एक शोध अपघाताने लागला. नॉरएथिनोड्रेलमध्ये मेस्ट्रानॉल या स्त्रीमदजन द्रव्याची अशुद्धी आढळली. ती काढून टाकताच अवेळी रक्तस्राव वाढला. तेव्हा ती मोजून पुन्हा मिसळण्यात आली आणि अशा रीतीने ‘संयुक्त गोळी’ जन्मास आली. १९६० मध्ये अमेरिकेत तिला संततिनियमनासाठी मान्यता मिळाली. पहिल्या गोळीत प्रोजेस्टिन १० मिग्रॅ. इतके होते. नीलांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रकार १९६१ पासून नोंदले जाऊ लागल्यावर मात्रा क्रमाने घटविण्यात आल्या. भारतातील माला-एन या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०·१५ मिग्रॅ. व एथिनिल एस्ट्राडायॉल ०·०३ मिग्रॅ. असते, तिच्या वेष्टनातील अखेरच्या सात तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात.

भारतातील कच्चा माल : हॉर्मोन उद्योगासाठी हिमालयातील डायोस्कोरिया डेल्टॉइडिया हा कंद इतका खणला गेला की तो दुर्मिळ झाला. पर्याय म्हणून पेव (कॉस्टस) या, कोकणात पावसाळ्यात सर्वत्र दिसणाऱ्या वनस्पतीच्या मूलक्षोडातील डायोसजेनिनाकडे लक्ष गेले. सोलॅनम खासियानम या काटेरी वनस्पतीच्या फळांतील सोलॅसोडीन हा दुसरा पर्याय. तिची लागवड विदर्भ-खानदेशच्या पट्ट्यात, विशेषतः अकोला व जळगाव भागांत, करण्यात आली. मात्र काट्यांमुळे तोडणी फार कष्टाची होई, म्हणून कमी काट्यांचे वाणही काढण्यात आले. परदेशांतील संपूर्ण संश्लेषण व सोयाबीनमधील स्टेरॉलांपासून सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने होणारे उत्पादन यांपुढे या पिकाचे महत्त्व ओसरले.

जादा मात्रेची मिश्रणे : भारतातील प्रोजेस्टिनांच्या इतिहासातील सर्वांत अप्रिय प्रकरण म्हणजे स्त्रीमदजन व प्रोजेस्टिन यांच्या जादा मात्रेच्या मिश्रणांचे. ही मिश्रणे देऊन थांबविल्यास, गर्भ नसेल तर, आधार निघून गेल्यामुळे रक्तस्राव होतो. न झाल्यास स्त्री गर्भवती आहे असे समजावयाचे, अशी ही चाचणी. ब्रिटनमध्ये इझाबेल गाल यांनी १९६७ मध्ये अशा गोळ्या घेतलेल्या मातांच्या अर्भकांतील मज्जारज्जूच्या व्यंगांकडे लक्ष वेधले. गोळी आणि व्यंग यांतील कार्यकारणसंबंध आजही वादग्रस्त आहे. २०१७ मधील एका ब्रिटिश तज्ञगटास तो सिद्ध झालेला आढळला नाही, तर २०२० च्या चौकशी अहवालाने ही गोळी १९६७ मध्येच मागे घ्यावयास हवी होती असा निष्कर्ष काढला. मूत्राची निर्धोक चाचणी उपलब्ध झालेली असताना अल्पही धोका पत्करण्याचे कारण नव्हते, एवढे मात्र निर्विवाद आहे. तेथे ही गोळी १९७८ मध्ये बंद झाली.

आपल्याकडे चाचणीपेक्षाही भयंकर असा तिचा उपयोग रूढ झाला. ‘पाळी आणणारे औषध’ म्हणून, प्रत्यक्षात गर्भपात होईल या आशेने, ही मिश्रणे गावोगाव दिली जाऊ लागली. गर्भ असेल तर हे हॉर्मोन त्याला आधारच देते, हे पीतपिंडाच्या कार्यावरून उघड आहे. म्हणजे गर्भपात तर होत नसे, आणि वाढणाऱ्या गर्भास औषधाला मात्र तोंड द्यावे लागे. वैद्यकशास्त्रात निरुपयोग व धोका यांची अशी सांगड क्वचितच आढळते. याविरुद्ध स्त्री-संघटना, ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क आणि मेडिको फ्रेंड सर्कल यांनी मोहीम उभारली. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या शेवटच्या संस्थेच्या बैठका सेवाग्राम येथे वारंवार भरत आल्या आहेत. १९८२ मध्ये औषध नियंत्रकांनी घातलेली बंदी उत्पादकांनी न्यायालयांतून स्थगित करून घेतली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन १९८७ मध्ये सार्वजनिक सुनावण्या झाल्या आणि १९८८ मध्ये केंद्र शासनाने बंदी घातली. बंदी जाहीर होणे आणि ती लागू होणे यांत गेलेल्या सहा वर्षांत किती स्त्रियांना ही औषधे दिली गेली, हे कोणी मोजलेले नाही.

टोचणीची औषधे : तेलकट किंवा निलंबित स्वरूपात स्नायूत टोचल्यास प्रोजेस्टिन हळूहळू रक्तात उतरते. नॉरएथिस्टेरोन एनांथेट २०० मिग्रॅ. दोन महिने, तर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन ॲसिटेट १५० मिग्रॅ. तीन महिने पुरते. रोज गोळी लक्षात ठेवण्याची कटकट नाही, घरात कोणाला कळण्याचे कारण नाही, स्तनपान करणाऱ्या मातेसही चालते, हे तिचे गुण. परंतु एकदा टोचलेले औषध परत काढता येत नाही; ऋतुस्राव अनियमित होतो किंवा बंद पडतो, हाडांची घनता काही अंशी घटते आणि औषध थांबविल्यावर गर्भधारणेस विलंब लागतो. १९८५ मध्ये हैदराबादजवळील पटनचेरू येथे नॉरएथिस्टेरोन एनांथेटच्या चाचणीसाठी आणलेल्या स्त्रियांना आपल्यावर प्रयोग होत आहे याची कल्पना नसल्याचे तेथील स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांना आढळले. त्यावरून १९८६ मध्ये या संघटनेने व दिल्लीच्या सहेली आदी गटांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. आक्षेप औषधाच्या गुणधर्मांवर होता तसाच संमतीच्या अभावावरही होता. प्वेर्तो रीकोतील कथेचीच ही पुनरावृत्ती होती. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोनाची टोचणी १९९३ मध्ये खाजगी विक्रीस खुली झाली, शासकीय कार्यक्रमात मात्र ती ‘अंतरा’ या नावाने २०१७ मध्येच आली. अमेरिकेतही ती संततिनियमनासाठी १९९२ पर्यंत संमत नव्हती. वर्ध्याच्या संवादात सँगर यांना स्त्रीच्या हाती साधन हवे होते. टोचणी हे वैद्याच्या हातातील साधन आहे, आणि हा फरक वाटतो तितका लहान नाही.

उपचारातील स्थान : अंडमोचन न होणाऱ्या चक्रात स्त्रीमदजन एकटेच कार्य करीत राहते व अंतःस्तर वाढून अवेळी, भरमसाट रक्तस्राव होतो. पौगंडावस्थेत आणि चाळिशीनंतर हे विशेषेकरून घडते. नॉरएथिस्टेरोन ५ मिग्रॅ. दिवसातून दोन-तीन वेळा दिल्यास रक्तस्राव बहुधा थांबतो. औषध संपल्यावर नियमित पाळीसारखा स्राव होतो, याची पूर्वकल्पना रुग्णास दिली नाही तर ‘औषधाने आजार उलटला’ अशी तिची समजूत होते. चाळिशीनंतर मात्र अंतःस्तराची तपासणी करून कर्करोग नाही याची खात्री करून घेणे अगत्याचे आहे.

या साध्या उपचाराचे मोल किती, हे त्याच्या अभावातून कळते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे उघडकीस आल्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत कामावरचा खाडा परवडत नाही आणि मुकादमाची उचल डोक्यावर असते, अशा स्थितीत अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर शस्त्रक्रिया हाच एकमेव उपाय म्हणून सांगितला गेला. अशा तक्रारींपैकी अनेक गोळ्यांनी, किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारे साधन गर्भाशयात बसवून, आटोक्यात येण्याजोग्या असतात. असे एक साधन बसविल्यावर काही वर्षे काम देते. ते फिनलंडमध्ये विकसित झाले.

ऋतुनिवृत्तीनंतरच्या उपचारांत प्रोजेस्टिनाची भूमिका रक्षकाची आहे. एकट्या स्त्रीमदजनाने अंतःस्तराचा कर्करोग वाढतो, हे १९७५ मध्ये स्पष्ट झाल्यापासून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीस सोबत प्रोजेस्टिन दिले जाऊ लागले. परंतु २००२ मध्ये अमेरिकेतील १६ हजारांवर स्त्रियांवरील मोठी चाचणी मुदतीपूर्वी थांबविण्यात आली, कारण स्त्रीमदजन व मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन एकत्र घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या अधिक आढळल्या. गर्भाशय काढलेल्या व केवळ स्त्रीमदजन घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. म्हणजे एका अवयवाचे रक्षण करणारे औषध दुसऱ्यास जाचक ठरत होते. सर्व प्रोजेस्टिने या बाबतीत सारखी नाहीत. म्हणून अलीकडे सूक्ष्म कण केलेले नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडाने देण्याकडे कल वाढला आहे; इनहॉफेन यांच्या काळी अशक्य वाटलेली गोष्ट अशा रीतीने साध्य झाली.

पाळी लांबविण्याची प्रथा : महाराष्ट्रात नॉरएथिस्टेरोनाचा सर्वांत परिचित उपयोग कोणत्याही रोगासाठी नाही. गौरी-गणपती, घरचे लग्न, सत्यनारायण किंवा पंढरीची वारी अशा प्रसंगी पाळी येऊ नये म्हणून ही गोळी घेतली जाते. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून ५ मिग्रॅ. तीन वेळा घेतल्यास पाळी लांबते व गोळी थांबविल्यावर दोन-तीन दिवसांत येते. निरोगी स्त्रीने क्वचित, थोडे दिवस व वैद्याच्या सल्ल्याने घेतल्यास तिच्यापासून सहसा अपाय होत नाही. परंतु शरीरात या औषधाच्या अल्प अंशाचे रूपांतर एथिनिल एस्ट्राडायॉलमध्ये होते. म्हणून पूर्वी रक्ताच्या गुठळ्या झालेल्या, यकृताचा विकार असलेल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा अंगावरून जाण्याचे कारण न कळलेल्या स्त्रियांनी ती घेऊ नये. गर्भ राहिला असण्याची शक्यता आधी वगळावी लागते. प्रत्यक्षात औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या जातात, सासू, जाऊ व मुलगी एकाच पाकिटातून घेतात आणि एका कार्याला दुसरे जोडून आल्यास तीन-तीन आठवडे चालू ठेवतात. अशा वेळी होणारा अवेळी रक्तस्राव घेऊन आलेली स्त्री गोळ्यांचा उल्लेख आपण होऊन करीत नाही. तिच्या लेखी ते औषध नसते, देवकार्याची तयारी असते. बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या वैद्याने हा प्रश्न स्वतः विचारला पाहिजे.

वर्धा परिसरात या औषधांचा वापर दोन मोठ्या शिक्षण-रुग्णालयांभोवती वाढला. कस्तुरबा रुग्णालयाचा आरंभ १९४५ च्या सुमारास सुशीला नायर यांनी सेवाग्रामला केला आणि १९६९ मध्ये तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० मध्ये सुरू झाले. वर्धा शहराला लागून वाढलेले सिंदी (मेघे) हे गाव – सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) याहून हे वेगळे – या दोन्ही रुग्णालयांच्या टप्प्यात येते. सुशीला नायर गांधीजींच्या वैद्य आणि शिष्या. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या व त्यांच्याच कारकीर्दीत गर्भाशयात बसवावयाच्या लूपचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मगनवाडीतील संभाषणात संयमाच्या बाजूने मांडलेला विचार आणि तिच्यापासून काही किलोमीटरवरच्या रुग्णालयात सल्ल्याने दिली जाणारी प्रोजेस्टिनाची गोळी, या दोहोंमध्ये जेमतेम एका पिढीचे अंतर आहे.